दुपारचा ब्लॉक

जुलैतला गुरुवार होता. मावळात जुलै लागला की ऊन आठ-आठ दिवस तोंड दाखवत नाही. शिवारात आवणीची घाई असते आणि माझ्या दुकानाच्या दारात ओल्या छत्र्यांचा ढीग. सकाळी आठला फोन वाजला. टाकवे रस्त्यावरच्या वजनकाट्यावरून मामा बोलत होते.

"अरे, ते गोल गोल फिरतंय बघ. सत्तावीस टक्के म्हणतंय. अर्धा तास झाला, सत्तावीसच."

"मामा, कशाला हात लावू नका. बटण तर अजिबात दाबू नका. निघालोच."

"खडीची गाडी काट्यावर उभी आहे. मागं अजून दोन लागल्यात. ड्रायव्हर मला शिव्या घालतोय. मी काय केलंय?"

कान्हे फाट्यापासून काटा मोटारसायकलवर पाच मिनिटांवर. पोचलो तेव्हा मामा दोन्ही हात मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसले होते. चुकून बोट लागू नये म्हणून माउससुद्धा त्यांनी लांब सरकवून ठेवला होता. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं वर्तुळ, त्याखाली टक्के आणि त्याखाली कॉम्प्युटर बंद करू नका अशी तंबी. मी घड्याळ पाहिलं. आमच्याकडे गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचा वार. दहाच्या सुमारास लाइट जाण्याची शक्यता, आणि काट्यावरच्या यूपीएसची बॅटरी जेमतेम दहा मिनिटं तग धरणारी. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. कधी मशीन शहाण्यासारखं मागं फिरतं, केलेले बदल काढून टाकतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. कधी उठतच नाही.

पण गाड्या तर सोडायला हव्या होत्या. तेवढ्यात भिंतीवरच्या इंडिकेटरकडे लक्ष गेलं. लाल आकडे निवांत वजन दाखवत होते. वजन करतो काटा. कॉम्प्युटर फक्त नोंद ठेवतो आणि पावती छापतो, एवढी साधी गोष्ट त्या गडबडीत आम्ही दोघंही विसरलो होतो. मामांना म्हटलं, "जुनं पावतीपुस्तक कुठंय?" कपाटाखालच्या खोक्यात ते सापडलं. पानं दमट, कार्बन चुरगळलेला. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ माल असे तीन आकडे हातानं लिहून मामांनी वीस मिनिटांत तिन्ही गाड्या बाहेर काढल्या. मशीन सव्वानऊला उठलं. लाइट दहा वाजून पाच मिनिटांनी गेली.

मामांनी आदल्या संध्याकाळी काय केलं होतं? रोज जिथं 'शट डाउन' दाबायचे तिथंच दाबलं. त्या दिवशी त्या जागी 'अपडेट अँड शट डाउन' असं लिहिलेलं होतं. मग रोजच्यासारखाच मेन स्विच पाडून ते घरी गेले. अपडेट अर्ध्यावर उपाशी राहिलं आणि सकाळी उठल्या उठल्या त्यानं उरलेलं काम मागितलं. चूक मामांची नव्हती. ते मशीन मी बसवलं होतं आणि त्या बटणाबद्दल त्यांना सांगायचं मीच विसरलो होतो. त्या दिवशी मजुरी घेतली नाही.

* * *

मी कान्हे गावचाच. 2006 ते 2014 अशी आठ वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्याच्या आयटी विभागात होतो. जाऊन येऊन लोकलनं. मग फाट्यावर एक गाळा घेतला. गिऱ्हाईक म्हणजे टाकव्याकडचे छोटे वर्कशॉपवाले, एक सेवा केंद्र, एक शाळा, एक दवाखाना, दोन-तीन टॅक्सवाले आणि मामांचा काटा. कारखान्यात सगळी मशिनं एका सर्व्हरला बांधलेली असत; कुठलं अपडेट कधी सोडायचं हे आम्ही चौघं ठरवायचो. फाट्यावर आल्यावर कळलं की इथं प्रत्येक मशीन म्हणजे एक सुटं घर आहे. घराला मालक आहे, पण अपडेट कधी येतं हे मालकाला ठाऊक नाही.

खरं तर त्याचं वेळापत्रक रेल्वेपेक्षा काटेकोर आहे. ऑक्टोबर 2003 पासून मायक्रोसॉफ्ट सुरक्षेच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपला मंगळवार संपलेला. बुधवारी सकाळी मशीन सुरू झालं की ते गुपचूप उतरवून घेतं, आणि बुधवारी संध्याकाळी किंवा गुरुवारी सकाळी रीस्टार्ट मागतं. गुरुवारी आमच्याकडे लाइटचं असं. दोन वेळापत्रकं नेमकी एकमेकांच्या अंगावर येतात आणि मधे सापडतात मामा.

हे गणित कळायला मला फार वर्षं लागली. सुरुवातीला मला एकच उपाय माहीत होता: बंद करणं.

29 जुलै 2015 ला विंडोज 10 आलं. त्याआधीच्या विंडोज 7 मध्ये अपडेट हवं की नको हे विचारायची सोय होती. 'कधीच नको' असंही म्हणता यायचं. दहामध्ये, निदान होम आवृत्तीत, ती सोय गेली. ते दिवस डोंगलचे. एक जीबीचं पॅक महिनाभर पुरवायचं. त्यात वर्षाकाठी येणारं मोठं अपडेटच तीन-चार जीबीचं. टॅक्सवाल्यांपैकी एक जण संतापून दुकानात आला होता: "मी रिटर्न भरायला पॅक मारतो आणि हे पठ्ठं सगळं पिऊन टाकतं!" त्याच्या मशिनवर मी सर्व्हिसेसची यादी उघडली, विंडोज अपडेट शोधलं, स्टार्टअप टाइप 'डिसेबल्ड' केलं, 'स्टॉप' दाबलं. दोन मिनिटांचं काम. दीडशे रुपये. त्यानं आणखी चौघांना पाठवलं. कामशेतपासून वडगावपर्यंत मी अपडेट बंद करून देणारा म्हणून ओळखला जाऊ लागलो आणि, खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमानही होता.

खरं तर त्याच मशिनवर वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' नावाचं एक साधं बटण होतं. ते चालू केलं की विंडोज समजून घेतं, हा माणूस डेटा मोजून वापरतो, आणि बहुतेक अपडेट आपणहून उतरवत नाही. डेटाही वाचला असता आणि दारही उघडं राहिलं असतं. ते बटण मला माहीत होतं. पण त्याचे दीडशे रुपये कोणी दिले नसते.

* * *

12 मे 2017 हा शुक्रवार होता. त्या संध्याकाळी टीव्हीवर वॉनाक्रायची बातमी सुरू झाली. इंग्लंडमधल्या दवाखान्यांतले कॉम्प्युटर कुलूपबंद, फायली परत हव्या तर पैसे टाका. बघता बघता दीडशेच्या आसपास देशांत ते पसरलं. कुणी काही उघडायची, कुठं क्लिक करायची गरजच नव्हती; एका मशिनवरून दुसऱ्यावर ते स्वतः चालत जात होतं. मी वाचत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. ज्या भोकातून ते शिरत होतं, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलेली होती. जवळजवळ दोन महिने आधी. बाधित मशिनांत विंडोज 7 सगळ्यात पुढं होतं, आणि तिथंही कारण हेच: दुरुस्ती आली होती, घेतली नव्हती.

मी दुकानातली वही काढली. मजुरीच्या नोंदी. 'अपडेट बंद – 150' अशा ओळी बोट ठेवून मोजल्या. 37 निघाल्या. 37 दारांच्या कड्या मी माझ्या हातानं काढून ठेवल्या होत्या, आणि वर त्याचे पैसे घेतले होते.

शनिवार, रविवार आणि सोमवार मी पेनड्राइव्हवर ती दुरुस्ती घेऊन हिंडलो. साते, वडगाव, कामशेत, नाणे, टाकवे. मेचं ऊन, करवंदाच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया रस्त्याकडेला, आणि मी दारोदार. लोकांना वाटायचं, बातम्या बघून घाबरलाय. "फुकट करून देतोय म्हणजे काहीतरी भानगड असणार," असंही एकानं बोलून दाखवलं. 37 पैकी एकाही मशिनला काही झालेलं नव्हतं. ते माझं कर्तृत्व नव्हे, नशीब.

पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नॉटपेट्या आलं आणि ते तर आपल्या दारात येऊन ठेपलं. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश कंपनीचा उपक्रम चालवत होता. जगभरातले मर्स्कचे कॉम्प्युटर आडवे झाले, त्यात इथलेही. तिथून माल घेऊन घाट चढणारे कंटेनर आमच्या मावळातूनच पुढं जातात, म्हणून ती बातमी आम्हाला परक्याची वाटली नाही. मर्स्कला नंतर दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले, असं त्यांच्या अध्यक्षांनीच पुढं जाहीरपणे सांगितलं.

मला त्या घटनेनं छळलं ते वेगळ्याच कारणानं. नॉटपेट्या आत शिरलं ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे ज्यांनी इमानदारीत अपडेट घेतलं, त्यांच्या घरात चोर शिरला. आणि आत आल्यावर तो या खोलीतून त्या खोलीत पसरला, त्यात मार्चमधल्याच त्या न बुजवलेल्या भोकाचा हात होता. म्हणजे ज्यांनी अपडेट घेतलं नाही, तेही गेले. एकाच घटनेत दोन्ही. महिनाभर मी विचार करत होतो की यातून गिऱ्हाइकाला सांगायचं काय? घ्या? की घेऊ नका?

* * *

त्या प्रश्नाचं उत्तर मला उशिरा सापडलं. त्याआधी अजून एक फजिती व्हायची होती. तीही माझ्याच हातची.

अपडेट बंद करायचं सोडलं, तरी हाताची खोड गेली नव्हती. आता मी मशिनं 'हलकी' करून द्यायला लागलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. समोर गिऱ्हाइकाची दोन-तीन खिडक्यांची दुनिया, आणि त्यामागं शंभर-सव्वाशे नावं कामात गढलेली. कुणी प्रिंटर सांभाळतंय, कुणी घड्याळ मिळवतंय, कुणी फायलींची अनुक्रमणिका करतंय, कुणी व्हायरसवर पहारा देतंय. एकट्या 'सर्व्हिस होस्ट' नावाच्या ओळी पन्नासेक. 2017 च्या वसंतात आलेल्या विंडोजपासून, मेमरी साडेतीन जीबीच्या वर असेल तर, एकेका कामाला वेगळी ओळ मिळायला लागली. पूर्वी एका ओळीत दहा कामं दाटीवाटीनं बसलेली असत. लोकांना वाटतं ओळी वाढल्या म्हणजे भार वाढला. प्रत्यक्षात वाड्यातली बिऱ्हाडं नुसती वेगळी मोजायला लागली.

पहारेकऱ्याचं नाव निघालं म्हणून सांगतो. पडद्यामागं बसून काम करणारा प्रोग्रॅम म्हणजे काय हे आमच्या पिढीला शिकवलं अँटिव्हायरसनं, आणि त्यातलं एक आपल्या पुण्यातलं. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यांनी आणि त्यांचे भाऊ संजय यांनी 1995 मध्ये क्विक हील बाजारात आणलं. दुरुस्तीच्या टेबलावरून उठलेली ती गोष्ट माझ्यासारख्याला अजून उमेद देते.

तर, नोव्हेंबर महिना होता. पेन्शनरांचा महिना, हयातीचा दाखला द्यायचा, जीवन प्रमाण. सेवा केंद्रवाल्या ताईंचं मशीन सुरू व्हायला पाच मिनिटं लागायची. त्या म्हणाल्या, "दादा, उद्यापासून गर्दी आहे, एवढं जरा वेगवान करून द्या." मी रात्री बसलो. स्टार्टअपच्या यादीत चौदा नावं. गाण्यांचा प्रोग्रॅम बंद. व्हिडिओ कॉलचा बंद. तीन वेगवेगळे 'अपडेटर' बंद. मग सर्व्हिसेसमध्ये गेलो. तिथं एक नाव होतं, बनवणारी कंपनी अनोळखी, पुढं 'आरडी सर्व्हिस' असं काहीतरी. काय आहे कळेना. बंद. मशीन दीड मिनिटात सुरू व्हायला लागलं. मी खूश, ताई खूश.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी केंद्रात होतो, कारण ताईंचा आवाज फोनवर रडवेला झाला होता. बाकावर नऊ-दहा म्हातारी माणसं. काही वडेश्वरकडून आलेली, एक जोडपं खांडीहून, पहाटेच्या जीपनं. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्रातला लाल दिवा लागत नव्हता. पडद्यावर 'डिव्हाइस नॉट रेडी'. एक आजोबा अंगठा धोतराला पुसून पुन्हा काचेवर ठेवत होते. म्हणाले, "माझाच अंगठा झिजलाय बहुतेक. आयुष्यभर घमेली उचलली."

झिजला नव्हता तो अंगठा. ठसा घेऊन, त्यावर शिक्कामोर्तब करून आधारकडे पाठवणारा प्रोग्रॅम म्हणजेच ती आरडी सर्व्हिस. पडद्यावर तिची खिडकी नाही, चित्र नाही, काही नाही. रात्रंदिवस नुसती वाट बघत बसलेली, की कोणीतरी अंगठा ठेवेल. मी तिला रिकामटेकडी समजून घरी पाठवलं होतं. ते शोधून काढायला मला पाऊण तास लागला. चालू केली, दिवा लागला. आजोबांचा ठसा पहिल्या झटक्यात घेतला गेला. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

त्या दिवसापासून ज्याचं काम मला कळत नाही त्याला मी हात लावत नाही. आधी नाव लिहून घेतो. घरी जाऊन वाचतो. बंद करायचंच असेल तर एका वेळी एक, आणि दोन दिवस थांबतो. सुस्त मशिनाचं खरं दुखणं बहुतेक वेळा पडद्यामागची माणसं नसतातच. दोन-दोन अँटिव्हायरस एकमेकांवर पहारा देत बसलेले असतात, नाहीतर जुनी फिरती हार्ड डिस्क धापा टाकत असते. तिच्या जागी एसएसडी घातली की तेच शंभर जण गुमान काम करतात.

* * *

आमच्या शेजारी नाना राहतात. रेल्वेत गँगमन होते. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा मार्ग 1858 साली सुरू झाला. त्यातल्या आमच्या पट्ट्यावर नानांनी तीस-पस्तीस वर्षं खडी सारली, पाना मारला. मी पिंपरीला जायचो तेव्हा लोकलवाल्यांचं एक कायमचं रडगाणं होतं: दुपारी गाडी नाही. सकाळची गर्दी ओसरली की मधे काही तास लोणावळा-पुणे लोकलचा पत्ताच नसायचा. दुसऱ्या पाळीवाले वैतागायचे. विचारलं की उत्तर एकच, ब्लॉक आहे.

त्या अंगठ्याच्या प्रकरणानंतर एका संध्याकाळी स्टेशनच्या बाकावर नाना भेटले. मी आपलं दुखणं सांगितलं. बंद करावं तर चोर शिरतो, चालू ठेवावं तर भर कामात आडवं येतं. नाना हसले.

"तुम्हाला दुपारी वाटायचं, गाडी का नाही. आम्हाला वाटायचं, गाडी आहेच कशाला. चालू रुळावर दुरुस्ती होत नाही, बाळा. आधी ब्लॉक मागायचा. मिळेल तेवढ्याच वेळात उरकायचं. वेळ संपली की लाइन मोकळी करून द्यायची. अर्धं उखडून ठेवून जेवायला घरी जायचं नाही."

"आणि ब्लॉक दिलाच नाही तर?"

"मग रूळ स्वतःच घेतो," नाना म्हणाले. "तो वेळ विचारून घेत नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुझं ते अपडेट विचारून येतं का?"

"विचारतं. खाली कोपऱ्यात येऊन विचारतं. आपणच न वाचता बाजूला सारतो."

"मग त्याला काय बोल लावतो?"

घ्यायचं की नाही, या प्रश्नात मी दोन-तीन वर्षं घालवली होती. नानांच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. दुरुस्ती होणारच, प्रश्न एवढाच की वेळ कुणी ठरवायची.

* * *

आता माझ्या वहीत 'अपडेट बंद' ही ओळ नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढं एक रकाना आहे: ब्लॉक. दवाखान्याचा दुपारी दोन ते चार, डॉक्टर घरी जेवायला जातात तेव्हा. शाळेचा शनिवारी, अर्ध्या दिवसानंतर. ताईंचा रविवारी सकाळी. टॅक्सवाल्यांचा रिटर्नची शेवटची तारीख उलटल्यावर, त्याआधी कदापि नाही.

अपडेट आल्या आल्या मी घेत नाही. विंडोजमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवता येतं. मी साधारण बारा दिवस थांबतो. दुसरा मंगळवार उलटल्यावरचा पहिला रविवार सोडून दुसरा. तेवढ्यात जगात कुणाचा प्रिंटर त्या दुरुस्तीनं बिघडला असेल तर बोभाटा झालेला असतो. 'ॲक्टिव्ह अवर्स' अठरा तासांपर्यंत लावता येतात, ते लावतो, म्हणजे कामाच्या वेळेत मशीन आपणहून रीस्टार्ट घेत नाही. शाळेत बारा मशिनं आणि इंटरनेटची एक बारीक लाइन. तिथं 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' चालू ठेवलंय. एका मशिननं उतरवलेलं अपडेट बाकीची त्याच्याकडून उसनं घेतात. शेजारून विरजण आणावं तसं.

ब्लॉकच्या आदल्या दिवशी डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर. यूपीएस भरलेला. मग अपडेट, आणि नंतर 'शट डाउन' नव्हे तर 'रीस्टार्ट'. हा फरक लोकांना पटवणं सगळ्यात अवघड. डॉक्टरसाहेब म्हणायचे, मी रोज रात्री बंद करतो. टास्क मॅनेजरमध्ये त्यांना दाखवलं: मशीन 41 दिवस सलग जागं. 'फास्ट स्टार्टअप'मुळं शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा झोपवून ठेवलेला असतो, सकाळी तोच डोळे चोळत उठतो. पुरतं नव्यानं सुरू होतं ते रीस्टार्टनंच. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे पेशंट झोपला होता, आणि मी समजत होतो डिस्चार्ज दिलाय." शेवटी प्रिंट काढून बघायची, अंगठा ठेवून बघायचा, हिशेबाचा प्रोग्रॅम उघडून बघायचा. सगळं चाललं की वहीत लिहायचं, 'लाइन मोकळी'.

19 जुलै 2024 च्या शुक्रवारी मामांचा फोन आला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. पण त्यांचं मशीन ठीक होतं. ते टीव्ही बघत होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी एक छोटीशी फाइल जगभर सोडली. 78 मिनिटांत मागं घेतली, पण तोवर सुमारे 85 लाख विंडोज मशिनं निळी पडली होती. विमानतळांवर रांगा. दुरुस्ती म्हणाल तर प्रत्येक मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये एक फाइल पुसायची. पहाऱ्यालाच ठेवलेला प्रोग्रॅम, इतका आत बसलेला की तो कोसळला तर घरही कोसळावं, आणि त्याचा बदल सगळीकडे एकदम. त्यानंतर त्या कंपनीनंही असे बदल टप्प्याटप्प्यानं सोडायची पद्धत लावली. नानांच्या भाषेत, साऱ्या लाइनचा ब्लॉक एकाच वेळी घेऊ नये.

मामांना मात्र वेगळंच दिसलं होतं. "अरे, विमानाचे पास हातानं लिहून देतायत! आपलं पावतीपुस्तकच की रे ते!"

काट्यावरचं पावतीपुस्तक आता खोक्यात नसतं. नवा कार्बन घालून ते टेबलाच्या वरच्या खणात असतं.

* * *

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. तोही दुसरा मंगळवारच. मामांचं मशीन 2016 चं. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते; त्याच्यात दोन्ही नाही. मी हे सांगितलं तेव्हा मामांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आता अपडेट येणार नाही? बरं झालं. एकदाची कटकट मिटली."

दहा वर्षांपूर्वी मी हेच दीडशे रुपयांत विकत होतो. त्यांना काय म्हणणार? वॉनाक्राय सांगून पाहिलं, बंदर सांगितलं. मामा मान हलवत राहिले. मग म्हटलं, "मामा, रेल्वेनं आपल्या लाइनवर ब्लॉक घेणं कायमचं थांबवलं, तर तुम्ही लोकलनं पुण्याला जाल का?"

मामा जरा वेळ काट्यावरच्या रिकाम्या गाडीकडे बघत राहिले. "पहिला महिना जाईन," ते म्हणाले. "मग नाही."

जुन्या मशिनांना आणखी एक वर्ष, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायची सोय मायक्रोसॉफ्टनं ठेवली आहे. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. ते मी तिथंच बसून नोंदवून दिलं. वर्षभरात नवीन मशीनचं बघू, असं मामांनी कबूल केलं. मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. गॅसची टाकी कधी लावली, दूध किती खाडे, भाच्याचं लग्न, हे सगळं त्यावर आधीच होतं. रविवारची तारीख मी सांगितली. मामांनी कानावरचं बॉलपेन काढलं आणि त्या चौकोनात, उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: दु. 1 ते 3, कॉम्प्युटर ब्लॉक.

मग पेन पुन्हा कानावर खोचत म्हणाले, "गाड्यावाल्यांना शनिवारीच सांगून ठेवतो. परत शिव्या नकोत."